‘इग्नोबल’ कोणास म्हणावे?

इंग्रजी शब्दकोश उघडून ‘इग्नोबल’ हे विशेषण पाहिले, तर मोठ्या कोशांत त्याचे दोन अर्थ एकाखाली एक छापलेले आढळतात. एक अर्थ ‘हलक्या कुळात जन्मलेला, सामान्य घरचा’ असा आणि दुसरा ‘हीन वृत्तीचा, मानास न शोभणारा’ असा. आज प्रचारात आहे तो दुसरा. पहिला आता बहुतांशी जुन्या ग्रंथांपुरता उरला आहे. कोशकार दोन्ही अर्थ नोंदवून मोकळा होतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या आजोबा-पणजोबांना गावाने केवळ जन्मावरून हलके ठरवले होते, तो विद्यार्थी हे दोन अर्थ एकाच शब्दाखाली वाचतो तेव्हा त्याच्यापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो. हलक्या मानलेल्या घरात जन्मणे आणि हलकेपणाने वागणे या दोन गोष्टींना एकच शब्द कसा? हा प्रश्न शिक्षकांनी टाळू नये आणि ‘तो जुना अर्थ सोडून दे’ असे सांगून त्याची बोळवणही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या प्रश्नाच्या उत्तरात भाषेचा इतिहास आहे आणि त्याहून अधिक माणसांचा इतिहास आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘इग्नोबल’ हा शब्द लॅटिन ‘इग्नोबिलिस’पासून फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. ‘नोबिलिस’ म्हणजे मुळात ‘ज्याला लोक ओळखतात तो’, आणि त्यास नकारार्थी उपसर्ग लागून झालेला ‘इग्नोबिलिस’ म्हणजे ‘ज्याला कोणी ओळखत नाही तो’. या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘जाणणे’ या अर्थाचा धातू आहे. इंग्रजीतील ‘नो’ हे क्रियापद, संस्कृतातील ‘ज्ञा’ आणि आपल्या नित्याच्या बोलण्यातील ‘जाणणे’ ही सर्व त्याच प्राचीन कुळातील भावंडे होत. त्यामुळे अक्षरशः अर्थ करायचा तर ‘इग्नोबल’ म्हणजे ‘अज्ञात’. त्यात दुर्गुणाचा, लबाडीचा किंवा नीचपणाचा लवलेशही नाही.

मग अज्ञात असणे हा दोष कसा ठरला? याचे उत्तर रोममध्ये सापडते. प्रजासत्ताक रोममध्ये ज्या घराण्यातील कोणी पूर्वज कॉन्सल या सर्वोच्च पदावर पोहोचला असेल, त्या घराण्यातील मंडळींना ‘नोबिलिस’ म्हणत. ज्याच्या घराण्यात पूर्वी असे पद कोणी भूषविले नाही आणि जो स्वतःच्या बळावर वर आला, त्याला ‘नवा माणूस’ म्हणत. या संबोधनात कौतुकापेक्षा हेटाळणीच अधिक असे. इसवी सनपूर्व १०७ मध्ये कॉन्सल झालेला सेनापती मारियस हा असा नवा माणूस होता. इसवी सनपूर्व ६३ मध्ये त्याच पदावर आलेला थोर वक्ता सिसेरो हाही तसाच. म्हणजे ‘ओळखीचा’ याचा अर्थ ‘सत्ताधाऱ्यांच्या ओळखीचा’ असा झाला आणि ‘अनोळखी’ याचा अर्थ ‘ज्याच्या बापजाद्यांची गणना नाही असा’ झाला. शब्द इंग्रजीत आला तो हे ओझे घेऊनच आला. पुढची पायरी सोपी होती. ज्याचे कूळ मोठे नाही त्याचे मनही मोठे नसणार, असे गृहीत धरले गेले आणि कुळाचे विशेषण शीलाचे विशेषण झाले. हा भेद माणसांपुरताही थांबला नाही. बाजपक्षी पाळून शिकार करणाऱ्या युरोपीय सरदारांनी पक्ष्यांतही ‘नोबल’ आणि ‘इग्नोबल’ असे वर्ग पाडले. उंचावरून झेप घेणारा लांब पंखांचा ससाणा कुलीन, आणि सावजाचा पाठलाग करून त्यास गाठणारा आखूड पंखांचा शिकरा अकुलीन! दोघेही पोटासाठीच शिकार करतात, हे त्या वर्गवारी करणाऱ्यांना दिसले नाही.

‘इग्नोबल’ हा एकटाच शब्द असता, तर ही एक गंमत म्हणून सोडून देता आली असती. परंतु इंग्रजीत वाईट वर्तनासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांची एक रांगच अशी आहे. ‘व्हिलन’ हा शब्द आज आपल्या खेड्यातील लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याचा मूळ अर्थ जमीनदाराच्या ‘व्हिला’वर, म्हणजे शेतवाडीवर, राबणारा कुळवाडी. ‘नेव्ह’ म्हणजे आज लबाड, पण मुळात केवळ ‘मुलगा’ आणि पुढे ‘नोकर पोऱ्या’. ‘चर्ल’ हा मुळात साधा शेतकरी, आणि त्यावरून झालेले ‘चर्लिश’ म्हणजे उर्मट. ‘बूर’ हा शेतकऱ्यासाठीच्या डच शब्दाचा सोयरा, आज त्याचा अर्थ असंस्कृत माणूस. ‘मीन’ म्हणजे मुळात ‘सर्वांचे, सामाईक’, आज ‘क्षुद्र मनाचा’. ‘बेस’ म्हणजे खालचा, ‘व्हाइल’ म्हणजे मुळात स्वस्त, कमी किमतीचा. ‘ल्यूड’ म्हणजे धर्मपीठाबाहेरचा, न शिकलेला माणूस, आज मात्र अश्लील. याच्या उलट बाजूस पाहावे, तर ‘जेंटल’ म्हणजे चांगल्या कुळातला, ‘जेनरस’ म्हणजे उच्च जन्माचा, ‘लिबरल’ म्हणजे गुलाम नसलेल्याला शोभणारा, ‘अर्बेन’ म्हणजे शहरातला. सद्गुणांचे शब्द वाड्यातून आले आणि दुर्गुणांचे शब्द शेतातून, स्वयंपाकघरातून आणि नोकरांच्या खोल्यांतून आले. सी. एस. लुईस या ब्रिटिश अभ्यासकाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टडीज इन वर्ड्स’ या ग्रंथात या प्रक्रियेची चर्चा केली आहे. सामाजिक दर्जा दाखवणारे शब्द हळूहळू नैतिक योग्यता दाखवू लागतात, असे त्याचे निरीक्षण आहे.

हे कोणी ठरवून केले असे आम्हांला म्हणायचे नाही. कोणत्याही दरबारात बसून कोणी असा ठराव केला नाही. कारण याहून साधे आहे. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचे अर्थ टिकले. शेतावर राबणारा माणूसही जमीनदाराविषयी काही म्हणतच असणार, त्याच्या रागाचे आणि उपहासाचेही शब्द असणारच. परंतु ते कोशात शिरले नाहीत, कारण तो लिहीत नव्हता. १३८१ साली इंग्लंडमधील शेतकऱ्यांनी बंड केले तेव्हा जॉन बॉल या उपदेशकाने उमरावांच्या जन्मसिद्ध मोठेपणालाच आव्हान दिले. बंड मोडले गेले, बॉलला फाशी झाली, आणि ‘व्हिलन’ या शब्दाची घसरण चालूच राहिली. शिक्षणाचा भाषेशी संबंध कसा असतो, हे यावरून ध्यानी यावे. लिहिता-वाचता येणे म्हणजे केवळ अर्ज भरता येणे नव्हे. कोणत्या शब्दाचा काय अर्थ होणार, यात आपलेही मत धरले जाणे, हेही त्यात येते.

आपली मराठी या बाबतीत निर्दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. ‘कुलीन’, ‘घरंदाज’, ‘खानदानी’ हे शब्द आपण चांगुलपणासाठी वापरतो, आणि तिन्ही शब्द घराण्याचे आहेत. ‘सभ्य’ म्हणजे सभेत बसण्यास योग्य. सभेत बसण्याची मुभा कोणाला होती, हे सांगणे नको. ‘ग्राम्य’, ‘गावंढळ’, ‘खेडवळ’ हे शब्द केवळ खेड्यात राहण्याला दोष देतात. ‘पामर’ म्हणजे मूळचा खेडूत. ‘हलका’ या वजनाच्या शब्दाचा ‘हलकट’ झाला, आणि तो ‘व्हाइल’च्या शेजारी नेऊन बसवता येतो. पत्त्यांच्या डावात इंग्रज ज्याला ‘नेव्ह’ म्हणत त्याला आपण ‘गुलाम’ म्हणतो. खोडकर, बिलंदर पोराला लटक्या रागाने ‘लबाड गुलाम’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. दोन दूरच्या समाजांनी नोकराच्या नावातून लबाडीचाच शब्द घडवावा, हा योगायोग नव्हे.

मात्र आपल्याकडे एक गोष्ट अधिक आहे. युरोपात वर्गाचे नाव शिवी झाले, आपल्याकडे विशिष्ट जातींची नावे शिवी झाली. ‘चांडाळ’ हा त्यातील सर्वांत जुना आणि सर्वांत ठळक शब्द. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे असे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदादर्शक असावे असाही दंडक आहे. म्हणजे इंग्रजीत जे शतकानुशतकांच्या वापराने घडले, ते येथे नियम म्हणून लिहून ठेवले गेले. नाव ऐकताच तिरस्कार वाटावा, अशी ती सोय होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले, त्यामागे जी कारणे होती त्यांत हा शब्दांतून होणारा अपमानही होता, असे मानण्यास जागा आहे.

येथे बौद्ध परंपरेचा उल्लेख अपरिहार्य होतो, कारण ‘इग्नोबल’ या शब्दाशी तिचा थेट संबंध आहे. पाली ‘अरिय’ या शब्दासाठी इंग्रजी भाषांतरकार ‘नोबल’ आणि ‘अनरिय’साठी ‘इग्नोबल’ हे शब्द सर्रास वापरतात. चार आर्यसत्ये इंग्रजीत ‘फोर नोबल ट्रूथ्स’ म्हणून ओळखली जातात, आणि धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात ज्या दोन टोकांचा त्याग करण्यास सांगितले आहे ती दोन्ही ‘अनरिय’ म्हणून वर्णिली आहेत. हे भाषांतर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘आर्य’ हा शब्दही जन्माच्या अभिमानाचाच होता. भगवान बुद्धांनी तो टाकून दिला नाही, त्याचा निकष बदलला. प्राणिमात्राची हिंसा करणारा जन्माने कोणीही असो, त्यास आर्य म्हणता येत नाही, अशी भूमिका धम्मपदात घेतलेली आहे. धम्मपदाचा शेवटचा, सव्विसावा वर्ग ‘ब्राह्मणवग्ग’ आहे, आणि तेथेही जन्माच्या जागी आचरण ठेवलेले दिसते.

याहून बोलका प्रसंग सुत्तनिपातातील वसलसुत्ताचा. श्रावस्तीत भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धांना अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण दुरूनच ‘वसल’ म्हणून हटकतो. वसल म्हणजे वृषल, जातिबाह्य, नीच. या अपमानावर बुद्धांनी दिलेले उत्तर प्रत्येक शिक्षकाने अभ्यासावे असे आहे. ‘मी वसल नाही, मी क्षत्रिय कुळातला आहे’ असे ते म्हणाले नाहीत. तसे म्हटले असते तर स्वतःची सुटका झाली असती, पण शब्द तसाच राहिला असता आणि दुसऱ्या कोणाच्या तरी माथी बसला असता. त्यांनी उलट विचारले की वसल कोणाला म्हणतात हे तुला ठाऊक आहे काय? आणि मग त्यांनीच एकेक लक्षण सांगितले. मनात डूख धरणारा, कर्ज घेऊन ते नाकारणारा, वाटसरूला लुटण्यासाठी मारणारा, पैशासाठी खोटी साक्ष देणारा, ऐपत असून वृद्ध आईबापांना न पोसणारा, दुष्कृत्य करून ते लपवणारा, स्वतःची थोरवी गाऊन इतरांना तुच्छ लेखणारा असे हे सर्व वसल. या यादीत एकही जन्म नाही, सर्व कृत्ये आहेत. शेवटी मातंग या श्वपाकपुत्राचे उदाहरण देऊन, हीन मानल्या गेलेल्या कुळातील माणूसही शीलाने कोणत्या योग्यतेस पोहोचतो हे त्यांनी दाखवले.

प्रामाणिकपणासाठी याच परंपरेतील एक उलट बाजूही सांगितली पाहिजे. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात विषयसुखात लोळण्याच्या टोकास जी विशेषणे लावली आहेत, त्यांत ‘अनरिय’च्या जोडीने ‘हीन’ आहे आणि ‘गम्म’ म्हणजे ‘ग्राम्य’ही आहे. खेड्याच्या नावाने दोष दाखवण्याची त्या काळच्या भाषेची सवय तेथेही शिरलेली दिसते. यात लपवण्यासारखे काही नाही. कोणीही थोर पुरुष आपल्या काळाच्या भाषेतच बोलतो. त्याची थोरवी पाहायची ती त्या भाषेतील कोणत्या शब्दाला त्याने वळण दिले यावरून.

इंग्रजी साहित्यातही हा शब्द उलटवून पाहणारे लेखक झाले आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावेत. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये एडमंड हा अनौरस मुलगा पहिल्याच अंकात विचारतो की मला ‘बेस’ का म्हणतात? शरीराने, बुद्धीने मी औरस भावाहून कोठे कमी आहे? त्याचा प्रश्न न्याय्य आहे. पुढे तोच एडमंड भावावर किटाळ आणतो आणि बापाचा घात करतो. तो ‘बेस’ ठरतो खरा, पण जन्माने नव्हे, कृत्याने. प्रश्न बरोबर असणे आणि वर्तन बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अन्याय सोसलेल्या माणसालाही दुसरी गोष्ट स्वतःच सांभाळावी लागते, हे या पात्रावरून शिकता येते. दुसरे उदाहरण टॉमस ग्रे या कवीच्या १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या विलापिकेचे. खेड्यातील दफनभूमीत चिरनिद्रा घेणाऱ्या, कोणालाही ठाऊक नसलेल्या गरीब माणसांवर ही कविता आहे. ‘इग्नोबल’ या शब्दाच्या मूळ अर्थाप्रमाणे पाहिले, तर अज्ञात म्हणून तो शब्द त्यांनाच लागू व्हावा. परंतु ग्रे यांनी तो त्यांना लावला नाही. मोठेपणासाठी चाललेल्या बाहेरच्या गर्दीच्या झटापटीला लावला. त्याच ओळीतून टॉमस हार्डी यांनी १८७४ सालच्या आपल्या कादंबरीचे नाव घेतले.

आता एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, ‘शब्द झिजतात, त्यांचे जन्मवृत्त लोक विसरतात. चित्रपटातल्या खलनायकाला व्हिलन म्हणताना कोणाच्याही मनात इंग्लंडमधील कुळवाडी नसतो. मग जुनी मढी उकरून काय मिळणार?’ या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक शब्दाचे मूळ तपासून बोलायचे ठरवले तर तोंड उघडता येणार नाही. म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. ज्या माणसांच्या नावाची शिवी झाली, ती माणसे आज त्या नावाने ओळखली जातात काय, आणि त्या नावाचा त्रास त्यांना आजही होतो काय? इंग्लंडमधील वेठबिगार कुळांची पद्धत सोळाव्या शतकाच्या अखेरीस जवळपास नाहीशी झाली. आज कोणी ‘व्हिलन’ म्हटल्याने कोणा शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत मान खाली घालावी लागत नाही. तो घाव भरून आला आहे. ‘इग्नोबल’ही आता बहुतांशी त्याच गटात मोडतो.

पण सर्व शब्द या गटात मोडत नाहीत. ‘पॅरायाह’ हा इंग्रजी शब्द घ्या. ‘बहिष्कृत, कोणी जवळ करू नये असा’ या अर्थाने तो आजही जगभरच्या वृत्तपत्रांत छापला जातो, आणि एखादे राष्ट्र एकाकी पडले की त्याला तो चिकटवला जातो. हा शब्द तमिळ आहे. ‘परै’ म्हणजे एक प्रकारचा ढोल आणि तो वाजवणारे ते ‘परैयर’. सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपीय प्रवासी व व्यापारी यांच्या लेखनातून तो इंग्रजीत शिरला, आणि पुढे आपल्याकडच्या रस्त्यावरील कुत्र्यांनाही त्याच नावाने ‘पॅरायाह डॉग’ म्हटले गेले. परैयर समाज तमिळनाडूत आजही नांदतो आहे. तेव्हा आमच्या कसोटीप्रमाणे हा शब्द झिजलेला नाही. तसाच आपला ‘चांडाळ’. मित्रांच्या खोडकर टोळक्याला ‘चांडाळचौकडी’ म्हणणे आजही अनेकांना निरुपद्रवी वाटते. म्हणणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हे नाव चिकटवले गेले त्यांच्या मुलांच्या कानांनी तो शब्द ऐकून पाहावा, मग तो निरुपद्रवी आहे की नाही ते ठरवावे.

अशा शब्दांचे काय करावे, याविषयी आपल्या पूर्वसूरींनी वेगवेगळे मार्ग चोखाळले. तमिळ प्रदेशात पंडित अयोतिदास यांनी ‘परैयर’ हे नावच नाकारले, आपले लोक मूळचे बौद्ध होत असे प्रतिपादिले आणि १८९८ साली शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. त्यांचेच समकालीन रेट्टैमलै श्रीनिवासन यांनी उलट वाट धरली. १८९३ साली काढलेल्या आपल्या पत्राला त्यांनी ‘परैयन’ हेच नाव दिले. जे नाव लाज म्हणून दिले गेले तेच त्यांनी मथळ्यावर छापले. पुढे १९३० च्या गोलमेज परिषदेत हे श्रीनिवासन डॉ. आंबेडकरांच्या सोबत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. बाबासाहेबांच्या पत्रांची नावे क्रमाने पाहिली तर या दोन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात. १९२० साली ‘मूकनायक’, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. आरंभी लादलेली अवस्था नावातच मांडली, शेवटी स्वतः मिळवलेली अवस्था नावात आणली. ‘प्रबुद्ध’ म्हणजे जागा झालेला, जाणणारा. ज्यांना इतरांनी ‘अज्ञात’ म्हणून बाजूस सारले होते, त्यांनी स्वतःस ‘जाणते’ म्हणवले. ‘इग्नोबल’ या शब्दाला याहून समर्पक उत्तर आम्हांला दिसत नाही.

आता वर्गातील व्यवहाराकडे वळू. ‘इग्नोबल’ शिकवताना तीन गोष्टी सांगाव्यात असे आम्ही सुचवतो. पहिली, हा शब्द आजच्या चांगल्या इंग्रजीत हेतू, महत्त्वाकांक्षा, कृत्य किंवा शेवट यांना लावला जातो. ‘इग्नोबल मोटिव्ह’ म्हणजे क्षुद्र हेतू, ‘अॅन इग्नोबल अॅक्ट’ म्हणजे माणसाला न शोभणारे कृत्य. माणसाच्या जन्माला तो लावणे आता कालबाह्य आहे, आणि ते तसेच राहावे. दुसरी, ‘इग्नोमिनिअस’ या शब्दाशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. त्याच्या मुळाशी ‘नाव’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि त्याचा रोख चारचौघांत होणाऱ्या नामुष्कीवर आहे. एखादा संघ वाईट रीतीने हरला तर तो पराभव ‘इग्नोमिनिअस’ म्हणावा. त्यात हीनपणा असेलच असे नाही. उलट कोणालाही न कळता केलेली चहाडी ‘इग्नोबल’ असते, तिची नामुष्की झाली नाही तरीही. तिसरी, मराठीत भाषांतर करताना ‘नीच’ हा शब्द सहज सुचतो, पण या शब्दाने आपल्याकडे जातींची उतरंड मोजली गेली आहे. ‘क्षुद्र’, ‘लाजिरवाणे’, ‘अशोभनीय’ हे शब्द अर्थ पुरता सांगतात आणि कोणाच्या जन्माला हात लावत नाहीत.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि अठराव्या अनुच्छेदाने राज्याने मानमरातबाचे किताब देण्यास बंदी केली. म्हणजे जन्माचा कमीपणा आणि किताबाचा मोठेपणा, दोन्ही एकापाठोपाठ निकालात काढले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा व त्यातील २०१५ ची दुरुस्ती यांनुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस लोकांसमक्ष जातिवाचक शिवीगाळ करणे गुन्हा आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. हे सर्व आवश्यक होते. परंतु कायदा शिवीला शिक्षा करू शकतो, शब्दाचा अर्थ बदलू शकत नाही. अर्थ बदलतो तो बोलणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात.

निवासी शाळेचे महत्त्व आम्हांला येथे वाटते. येथे मुले चोवीस तास एकत्र राहतात, एकमेकांना हाका मारतात, टोपणनावे ठेवतात, भांडतात आणि भांडताना जे शब्द तोंडी येतात ते घरून किंवा गावातून आणलेले असतात. कोणाच्या गावावरून, बोलीवरून, आईबापांच्या कामावरून चिडवणे हे सर्व ‘इग्नोबल’ या शब्दाच्या जुन्या अर्थाचेच धाकटे भाऊ आहेत. त्यावर उपाय म्हणून शब्दांची बंदी-यादी भिंतीवर लावावी, असे आम्ही म्हणणार नाही. वसलसुत्तात केले तेच करावे. एखाद्याने दुसऱ्याला हलके म्हटले तर त्यास विचारावे की त्याने असे केले काय? उत्तरात कृत्य सांगता आले, तर त्या कृत्याविषयी बोलावे. उत्तरात केवळ घर, गाव किंवा आडनाव निघाले, तर तो शब्द म्हणणाऱ्याकडेच परत जातो.

या स्मरणिकेत ज्या विद्यार्थ्यांची नावे छापली जात आहेत, त्यांतील अनेकांच्या आजोबांचे नाव कोठेही छापलेले नाही. रोमच्या जुन्या हिशेबाने ती माणसे ‘इग्नोबिलिस’, अज्ञात. त्यांनी विहिरी खणल्या, गिरण्यांत रात्रपाळ्या केल्या, उपाशी राहून मुलांना शाळेत धाडले आणि कोणाचे देणे बुडवले नाही. त्यांना ओळखणारे थोडे होते, एवढाच काय तो त्यांचा ‘दोष’. त्यांच्या नातवंडांनी इंग्रजी शब्दकोशातील तो पहिला अर्थ वाचावा, समजून घ्यावा आणि त्याने खजील होऊ नये. दुसरा अर्थ मात्र त्यांनी स्वतःच्या वागण्याला रोज लावून पाहावा, इतरांना लावण्याच्या आधी.